वाळूवर ठेवलेला पाइप जागेवर राहील का? समुद्रातल्या पाइपलाइनचा हिशोब पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मामांच्या शेततळ्यापासून सुरू करतो, दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे त्यांची. तळ्यात मोटारीचा काळा एचडीपीई पाइप तळाला सोडलेला असतो, पाण्याने भरलेला असला की गुमान पडून राहतो, पण फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी उतरतं, आत हवा भरते आणि सकाळी बघावं तर पाइप वर येऊन तरंगतोय. मग वाळूच्या गोण्या बांधायच्या. समुद्रात १६ इंची स्टीलच्या पाइपला आपण बाहेरून काँक्रीट चढवतो ते याच कारणासाठी, फक्त तिथे गोणी किती जड हवी हे अंदाजाने ठरवून चालत नाही कारण वरून लाटा आहेत, करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह आहे, आणि खालची वाळू स्वतःच जागेवर थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझा सगळा जोर त्याच्यावरच आहे. नाशिकहून सिव्हिल मेकॅनिकल करून ऑफशोअर डिझाइनच्या कामाला लागलेली बरीच मुलं मला विचारतात की हे ऑन-बॉटम स्टॅबिलिटीचं, म्हणजे पाइप समुद्रतळावर जागेवर राहील का याचं, कॅल्क्युलेशन नेमकं कुठून सुरू करू, तर मी स्वतः कागदावर करतो त्या क्रमाने सांगतो. इथून समुद्र लांब आहे हे खरं, पण मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र १९७४ ला सापडलं आणि तिथलं तेल आणि गॅस समुद्रतळावरच्या पाइपने उरणला येतंय, आणि असल्या पाइपचे हिशोब आता नाशिकमध्ये घरी बसून लॅपटॉपवर होतात.

पायरी १: आधी तरंगतो का ते बघा

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. १६ इंची पाइप, म्हणजे बाहेरचा व्यास ४०६.४ मिमी, जाडी १२.७ मिमी, त्यावर गंज लागू नये म्हणून ३ मिमी पॉलिथिलीनचं कोटिंग. स्टीलची घनता ७८५० धरली तर एका मीटरचं स्टील भरतं साधारण १२३ किलो, कोटिंग धरून १२७ किलो. आता हाच एक मीटर पाइप पाणी किती बाजूला सारतो ते काढा, समुद्राचं पाणी १०२५ किलो घनमीटरला, तर उत्तर येतं १३७ किलो. म्हणजे १२७ किलोचा स्टीलचा पाइप रिकामा असताना समुद्रात तरंगतो! नवीन माणसाला हे पहिल्यांदा खरं वाटत नाही, मला पण वाटलं नव्हतं, म्हणून हा आकडा सॉफ्टवेअर उघडायच्या आधी स्वतः हाताने काढाच.

आता काँक्रीट. समुद्रातल्या पाइपला साधं काँक्रीट कमी आणि आयर्न ओअर घातलेलं जड काँक्रीट जास्त वापरतात, ३०४० किलो घनमीटर हा नेहमीचा आकडा आहे. ४० मिमी चढवलं तर मीटरमागे १७३ किलो वाढतात, एकूण वजन ३०० किलो, पण व्यास वाढला म्हणून सारलेलं पाणी पण १९५ किलो झालं, तर पाण्यातलं वजन उरलं १०४.५ किलो, न्यूटनमध्ये १०२५. या पाण्यातल्या वजनावरच पुढचं सगळं उभं आहे. त्याआधी एक सोपा चेक, एकूण वजन भागिले सारलेलं पाणी हे गुणोत्तर किमान १.१ पाहिजे, डीएनव्ही या संस्थेच्या आरपी-एफ१०९ या नियमावलीत ही अट आहे, आपलं १.५ च्या वर आहे म्हणून पुढे जाऊ.

वजन नेहमी सगळ्यात हलक्या अवस्थेत तपासायचं हे विसरू नका. पाइप टाकल्यावर काही दिवस, कधी काही महिने, रिकामा पडून असतो, मग हायड्रोटेस्टला, म्हणजे दाबाच्या चाचणीला, पाण्याने भरतात, मग गॅस किंवा तेल. गॅसलाइन असेल तर ती आयुष्यभर जवळपास रिकामीच धरा.

पायरी २: माहिती मागा, आणि चिवटपणे मागा

तीन गोष्टी लागतात, लाटा, करंट आणि वाळू. लाटांचं आणि करंटचं मेटओशन रिपोर्टमध्ये, म्हणजे त्या जागेच्या हवामान आणि समुद्राच्या अहवालात, मिळतं, त्यात १ वर्ष, १० वर्षं, १०० वर्षं असे रिटर्न पिरियड दिलेले असतात. कायमस्वरूपी पाइपला १०० वर्षांची लाट आणि १० वर्षांचा करंट, किंवा त्याच्या उलट, यातलं जे वाईट ते घ्यायचं. पाइप थोडेच दिवस उघडा राहणार असेल, ३ दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत, तर १० वर्षांची लाट आणि १ वर्षाचा करंट, किंवा उलट.

१०० वर्षांची लाट म्हणजे १०० वर्षांतून एकदाच येणार असं डोक्यात असेल तर काढून टाका. दरवर्षी १ टक्का शक्यता असा त्याचा अर्थ, आणि पाइपचं आयुष्य २५ वर्षं धरलं तर त्या काळात ती किंवा तिच्यापेक्षा मोठी लाट एकदा तरी येण्याची शक्यता २२ टक्के होते. आपण गोदाघाटावर पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो ना, यंदा कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, बुडाला. जुनी माणसं अमुक साली डोक्यावरून गेलं होतं असं सांगतात, पण ते एकदा गेलं म्हणजे आता पुढची कित्येक वर्षं निवांत असं नदीकाठचा कुठलाच दुकानदार समजत नाही, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला असं कानावर आलं की तो सामान उचलतो. तसंच बघायचं.

वाळूचं काय मागायचं तर मधल्या कणाचा आकार म्हणजे डी-फिफ्टी (निम्मी वाळू याहून बारीक असते), वाळू किती घट्ट आहे, आणि त्यात बारीक गाळ किती टक्के आहे. रिपोर्टमध्ये नुसतं 'सँड' एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. मुंबईच्या किनाऱ्याजवळ बऱ्याच ठिकाणी मऊ चिखल आहे, तिथला घर्षणाचा आकडा वेगळा आणि गणितही वेगळं, ते वाळूच्या गणितात मिसळलं तर सगळंच चुकतं.

पायरी ३: वरची लाट तळाशी किती पोचते

पाइपला लाटेची उंची लागत नाही, तिच्यामुळे तळाशी पाणी किती वेगाने मागेपुढे होतं ते लागतं. साधी लिनिअर वेव्ह थिअरी पहिल्या हिशोबाला पुरते: तळाचा वेग म्हणजे पाय (π, ३.१४) गुणिले लाटेची उंची, भागिले पिरियड (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ) आणि साइन-हायपरबोलिक केडी यांचा गुणाकार, डी म्हणजे पाण्याची खोली. यातला के, म्हणजे वेव्ह नंबर, डिस्पर्शनच्या समीकरणातून, म्हणजे लाटेची लांबी, पिरियड आणि खोली जोडणाऱ्या समीकरणातून, ट्रायल-एररने काढायचा, एक्सेलमध्ये गोल-सीकने दोन मिनिटात येतो.

५ मीटर उंचीची आणि १० सेकंदांची लाट घ्या. ७५ मीटर खोलीवर, मुंबई हायला साधारण एवढंच पाणी आहे, तळाशी वेग येतो ०.१५ मीटर सेकंदाला. ३० मीटरवर ०.८५. १५ मीटरवर १.६. लाट तीच, आणि जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून किनाऱ्याकडे येताना काँक्रीट जाड होत जातं आणि शेवटच्या टप्प्यात, लाटा फुटतात तिथे, पाइप चर खणून पुरावाच लागतो.

आता पिरियड बदलून बघा. त्याच ७५ मीटरवर तीच ५ मीटरची लाट, पण १० ऐवजी १४ सेकंदांची, तर तळाचा वेग ०.१५ वरून थेट ०.४४ वर जातो, तिपटीच्या आसपास. उंचीवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि पिरियड कुठूनतरी उचलून टाकतात, माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या एका आकड्याकडे.

पायरी ४: जोर किती, आणि कोणत्या क्षणाला

इथे जरा थांबून वाचा. आपलं उदाहरण ३० मीटर खोलीचं, लाटेमुळे तळाशी येणारा वेग ०.८५, पाइपच्या उंचीवरचा करंट ०.३ धरू, पाइपला आडवा. (करंटचा आकडा रिपोर्टमध्ये तळापासून ३ मीटर वगैरेवर दिलेला असतो, तळाजवळ तो कमी होत जातो, तो पाइपच्या उंचीला आणायचा.)

पाइपवर तीन जोर असतात. ड्रॅग, म्हणजे पाणी आडवं ढकलतं ते, वेगाच्या वर्गावर चालतं. इनर्शिया, पाण्याचा वेग बदलतो त्याचा धक्का, हा प्रवेगावर चालतो आणि आडवाच असतो. आणि लिफ्ट, पाइपच्या वरून पाणी जोरात जातं आणि खालून जात नाही म्हणून पाइप वर ओढला जातो, हा पण वेगाच्या वर्गावर. आडव्या जोरांचं गणित मॉरिसनच्या समीकरणाने, १९५० चं आहे, अजून चालतंय. पहिल्या अंदाजाला कोइफिशंट ड्रॅग ०.७, लिफ्ट ०.९, इनर्शिया ३.२९ हे जुने आकडे घ्या, वर १.१ चा सेफ्टी फॅक्टर. रेतीवर घर्षण ०.६.

अट एकच. पाण्यातल्या वजनातून लिफ्ट वजा करा, उरलेल्याला ०.६ ने गुणा, ते आडव्या जोरापेक्षा जास्त पाहिजे. लिफ्ट काय करते ते नीट समजून घ्या, ती पाइप उचलून नेत नाही, ती वाळूवरचा दाब कमी करते आणि घर्षण आपोआप घटतं. भिजलेल्या फरशीवर टेबल ढकलताना कोणी एका बाजूने जरा उचलून धरलं की कसं सरकतं, तसं.

आता क्षणाची गोष्ट. लाटेचा माथा पाइपवर असतो तेव्हा वेग सगळ्यात जास्त पण प्रवेग शून्य, म्हणजे ड्रॅग आणि लिफ्ट भरपूर, इनर्शिया नाही. थोडं पुढेमागे सरकलं की वेग जरा उतरतो पण इनर्शिया जोर धरतो. ४० मिमी काँक्रीटच्या पाइपला माथ्याच्या क्षणी लागणारं वजन येतं मीटरला ६९० न्यूटन, आणि माथ्यापासून साधारण ३४ अंशांवर (लाटेचा एक फेरा म्हणजे ३६० अंश) तेच ८४७ होतं. सगळ्यात वाईट क्षण माथ्यावर नसतोच.

मी पहिल्या नोकरीत नेमका इथे चुकलो. मी फक्त माथा तपासला होता, आणि ३० मिमी काँक्रीट पुरतंय असं लिहून दिलं. आपल्याच उदाहरणात बघा, ३० मिमीला पाण्यातलं वजन ७२६ न्यूटन आणि माथ्याच्या क्षणी लागतात ६६२, दिसायला छान बसतं. सरांनी शांतपणे कागद परत दिला आणि म्हणाले, दर १० अंशाला एक ओळ टाक. ती ओळ टाकल्यावर ३० मिमीची गरज ८०० न्यूटनवर गेली, १.१ ने गुणल्यावर ८८०, आणि हातात ७२६. पाइप गेला असता वाहून. ४० मिमीला गरज १.१ धरून ९३१ आणि हातात १०२५, म्हणून ४० पास. तेव्हापासून मी लाटेचा सगळा फेरा तपासल्याशिवाय एकही आकडा कोणाला देत नाही, तुम्ही पण एक्सेलमध्ये ० ते ३६० चा कॉलम पहिल्याच दिवशी बनवून ठेवा.

हा झाला हाताचा हिशोब, याच्यावर फायनल रिपोर्ट करायचा नाही. फायनलला एफ१०९ मधल्या तीन पद्धती आहेत, एकात पाइप अजिबात हलू द्यायचा नाही, एकात ठराविक सरकायला परवानगी, व्यासाच्या अर्ध्यापासून ते दहा पटीपर्यंत, आणि तिसरी म्हणजे पूर्ण डायनॅमिक अ‍ॅनालिसिस, वादळ सेकंदासेकंदाला चालवून. पाइप वाळूत थोडा रुतलेला असतो त्याचा अडसरही तिथे मोजला जातो. पण हाताचं उत्तर माहीत असलं की सॉफ्टवेअरने वेडंवाकडं काही दिलं तर लगेच कळतं.

पायरी ५: आता वाळूला विचारा

आत्तापर्यंतच्या गणितात आपण वाळू म्हणजे फरशी धरली, पाइप हलेल पण तळ हलणार नाही असं. गोदावरीत पूर ओसरल्यावर, पाणी पोटरीपर्यंत असतं तेव्हा, वाळूवर उभं राहून बघितलंय का कधी? आपण हलत नाही, पण टाचेखालची वाळू निघून जाते आणि पाय हळूहळू रुततो. समुद्रात पाइपचं अगदी हेच होतं.

आकडा काढू. वाळू हलायला लागते का हे शील्ड्स पॅरामीटरने बघतात, म्हणजे तळावरचा पाण्याचा घासा भागिले कणाचं पाण्यातलं वजन. बारीक वाळूला हा आकडा ०.०५ च्या वर गेला की कण निघतात. ०.२ मिमीची वाळू घ्या, आपली ०.८५ वेगाची लाट लावा, शील्ड्स येतो ०.४५ च्या आसपास. नऊ पट! उलटं विचारा, वाळू नेमकी कधी सुटायला लागते, तर तळाचा वेग ०.२ झाला की, आणि ३० मीटर खोलीवर तेवढा वेग द्यायला १० सेकंदांची जेमतेम सव्वा मीटर उंच लाट पुरते. अरबी समुद्रात पावसाळ्यात एवढी लाट म्हणजे काहीच नाही. म्हणजे आपण ज्या वादळात पाइप टिकेल का विचारतोय ते वादळ यायच्या कितीतरी आधीच खालची वाळू चालती झालेली असते. अँड्र्यू पामर यांनी १९९६ ला हीच उणीव दाखवून दिली होती, की वाळूच्या तळावर पाइप अस्थिर होण्याआधी तळच अस्थिर होतो, आणि नेहमीची पद्धत तळ स्थिर धरून चालते. नंतर ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात ओ-ट्यूब नावाचा बंद पाण्याचा मोठा चॅनेल बांधून पाणी, पाइप आणि वाळू तिन्ही एकत्र हलवून बघितलं गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिन्हीचं एकमेकांत चाललेलं असतं आणि आपण एक्सेलमध्ये त्यातलं एकच बघतो.

होतं काय ते क्रमाने सांगतो. पाइपच्या पुढच्या बाजूला पाण्याचा दाब जास्त, मागच्या बाजूला कमी, त्यामुळे पाइपखालच्या वाळूतून पाणी झिरपायला लागतं, जसं मातीच्या बांधाखालून झिरपतं, आणि झिरपण्याचा जोर वाढला की मागच्या बाजूने वाळू उसळून बाहेर पडते. धरणवाले याला पायपिंग म्हणतात. दिंडोरी रोडच्या मेरीत, १९५९ पासूनची आपली संशोधन संस्था आहे ती, माती आणि धरणांवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, हा शब्द त्यांना नवीन नसेल. एकदा भोक पडलं की पाइपखालून पाण्याची धार सुटते आणि खड्डा पटापट वाढतो, याला स्कावर म्हणतात. नुसत्या करंटमध्ये तो साधारण व्यासाच्या ०.६ पट खोल जाऊन थांबतो. लाटांमध्ये खोली येते व्यास गुणिले ०.१ गुणिले केसी नंबरचं वर्गमूळ, केसी म्हणजे वेग गुणिले पिरियड भागिले व्यास. आपल्या पाइपला केसी १७, खड्डा ०.४२ व्यास, म्हणजे २० सेंटीमीटर.

मग पुढे दोन वाटा आहेत. पाइप खड्ड्यावर लोंबकळतो, त्याला फ्री स्पॅन म्हणतात, स्पॅन लांब झाला तर करंटच्या भोवऱ्यांनी पाइप थरथरायला लागतो आणि फटीगने, म्हणजे पुन्हापुन्हा वाकून, वेल्डला तडा जाऊ शकतो, हे वेगळ्या स्टँडर्डने, एफ१०५ ने, तपासायचं. दुसरी वाट चांगली आहे, स्पॅनच्या दोन्ही टोकांवर सगळा भार येतो, तिथली वाळू पण सुटते, पाइप खाली बसतो, आणि आजूबाजूची वाळू येऊन त्याला अर्धा झाकून टाकते. स्वतःच स्वतःला पुरून घेतो. अर्धा पुरलेल्या पाइपवर पाण्याचा जोर कितीतरी कमी पडतो आणि बाजूची वाळू त्याला अडवते, म्हणजे जी वाळू पायाखालून पळाली तीच पुढे सांभाळते. कोणती वाट लागेल हे वाळूच्या आकारावर, पाइप किती लवचिक आहे त्यावर आणि वादळ किती हळू चढतं यावर आहे. म्हणून म्हणतो, नुसतं काँक्रीट वाढवत बसण्याआधी वाळूच्या आकड्यांवर एक अख्खा दिवस घालवा, त्यात पैसे वाचतात पण आणि पाइप पण.

पायरी ६: वाळू पातळ होते ती केस

सैल आणि बारीक वाळूत लाटांच्या दाबाने कणांमधल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि काही वेळाने वाळू जड द्रवासारखी वागायला लागते, लिक्विफॅक्शन. अशा पातळ वाळूची घनता १८०० ते २००० च्या घरात असते. आपला पाइप रिकामा असताना १५७५ च्या आसपास भरतो. म्हणजे समुद्राच्या पाण्यात बुडणारा पाइप या वाळूत तरंगू शकतो! चर खणून पुरलेला आणि वरून सैल वाळू पडलेला पाइप वादळात वर येतो तो असा, त्यामुळे पुरला म्हणजे सुटलो असं समजू नका, बॅकफिल, म्हणजे चरात परत भरलेला माल, कशाचा आणि किती घट्ट ते विचारा.

पायरी ७: पुरत नसेल तर

काँक्रीट वाढवणं पहिलं सुचतं, पण जड पाइपला ले-बार्जवर, म्हणजे पाइप टाकणाऱ्या जहाजावर, टेन्शन म्हणजे ताण जास्त लागतो, बार्जची क्षमता आधी विचारून घ्या. चर खणणं, वरून दगड टाकणं म्हणजे रॉक डंपिंग, काँक्रीटचे मॅट्रेस ठेवणं, हे बाकीचे मार्ग, ठिकठिकाणी वापरायचे. दगड किंवा मॅट्रेस ठेवल्यावर त्याच्या कडेला नवीन स्कावर होतो हे ध्यानात असू द्या. सगळ्या लांबीला एकच उपाय लावू नका, खोलीप्रमाणे पाइपचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा वेगळा हिशोब करा.

पाइप पडल्यावर पहिला पावसाळा गेला की सर्व्हे करून घ्या, मल्टिबीम आणि साइड-स्कॅन सोनारने, संशय येईल तिथे आरओव्ही, म्हणजे वरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र, खाली सोडून. टाकल्या दिवशीची रेघ आणि आत्ताची रेघ एकावर एक ठेवा, पाइप बाजूला किती सरकला, कुठे लोंबतोय, कुठे किती रुतला हे किलोमीटरच्या खुणेनुसार तक्त्यात भरा, आणि त्याच तक्त्यात शेजारच्या कॉलमला तुम्ही काढलेली स्कावरची खोली लिहा. २० सेंटीमीटर सांगितले होते आणि ५० निघाले तर वाळूचा नमुना परत मागवा, पुढचा पावसाळा लागायच्या आत.